अहवालात कर्ब ‘जास्त’, तरी भात पिवळं: जांभ्याच्या जमिनीत सेंद्रिय पदार्थ मुरवण्याची रीत

चार वर्षांपूर्वी भात झोडून झाल्यावर मळ्यातली (सखल भातखाचरातली) माती तपासायला दिली. अहवालात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, शेणातून मातीत आलेला कार्बन) १.१ टक्के, पुढे शेरा ‘जास्त’. मी खूश. त्याच मळ्यातलं भात श्रावणात हळदीसारखं पिवळं पडलं होतं, हे मात्र कागद बघताना विसरलो. पुढच्या वर्षी ‘कर्ब तर आहेच’ म्हणून शेणखत सगळं आंब्याच्या कलमांना घातलं, मळ्याला दिलंच नाही. भात आणखी बसलं. घाटावरच्या पाहुण्याला हे सांगितलं तर त्याला खरं वाटेना. त्याच्या शेतात कर्ब ०.४ आणि ऊस डोक्याच्या वर.

त्यानंतर जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, ते इथे मांडतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. वरकस (उतारावरची हलकी जमीन), मळा, थोडी हापूसची कलमं आणि घरामागे चार माड एवढाच माझा पसारा, त्यामुळे हिशेब गुंठ्यांत आहेत.

आपली माती धरून का ठेवत नाही

मातीचे बारीक चिकण कण अन्नद्रव्यं चिकटवून ठेवतात. ही ताकद प्रयोगशाळेत मोजता येते, तिला कॅटायन विनिमय क्षमता म्हणतात. काळ्या जमिनीतल्या चिकण खनिजाची ती ८० ते १२० च्या घरात असते. आपल्या जांभ्याच्या जमिनीत केओलिनाइट नावाचं खनिज जास्त, त्याची क्षमता ३ ते १५. मुरलेल्या सेंद्रिय पदार्थाची मात्र २०० च्या आसपास किंवा त्याहूनही जास्त.

घाटावर सेंद्रिय खत कमी पडलं तरी मातीचा कण स्वतः थोडंफार सांभाळून घेतो. आपल्याकडे सेंद्रिय पदार्थ हीच कणगी. ती नसेल तर बाहेरून कितीही आणा, सगळं ओटीवर सांडणार.

सांडवणारा पाऊसही तसाच. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण १०० लिटर पाणी. कोकणात अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. तीन हजार धरला तर गुंठ्यागणिक ३ लाख लिटर. एवढ्या पाण्याने हजारो वर्षं धुऊन चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) खाली गेलं आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. मातीचा लाल रंग त्या लोखंडाचा. माती आंबट होते तीही याच धुण्याने.

मग कर्ब ‘जास्त’ कसा? हीच ऑक्साइडं सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून बसतात, जिवाणूंना तो सहज कुजवता येत नाही. आंबट मातीत जिवाणूंचं कामही मंद चालतं. बँकेत पैसे आहेत, पण मुदत ठेवीत. अहवालातला आकडा ठेवीचा असतो आणि पिकाला लागतं हातखर्चाला. म्हणून आपल्याकडे दरवर्षी ताजा, लवकर मुरणारा सेंद्रिय पदार्थ जमिनीत गेलाच पाहिजे, मग कागदावर काहीही असो.

नमुना घेताना

दिवाळीनंतर, मळा वाफसा सोडून कोरडा होत आला की. मळा, वरकस, कलमांची जागा यांचे नमुने वेगवेगळे घ्या. एका तुकड्यात नागमोडी चालत दहा-बारा जागा निवडा. वरचा काडीकचरा हाताने सारा, इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा काढा आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. कलमांसाठी एक नमुना वरच्या फुटाचा आणि दुसरा त्याखालच्या फुटाचा. सगळी माती गोणपाटावर कालवून तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा.

कुठली जागा टाळायची ते जास्त महत्त्वाचं. बांधाची कड, गुरं बसायची जागा, गायरीच्या (शेणाच्या खड्ड्याच्या) आसपास, झाडाखाली घेऊ नका, हे सगळीकडे छापलेलं असतं. कोकणात आणखी एक जागा टाळायची: जुना राब, म्हणजे भाताचं रोप करण्यासाठी पालापाचोळा भाजायची जागा. वर्षानुवर्षं भाजलेल्या तुकड्यात राखेमुळे पालाश आणि सामू (पीएच; तो कमी म्हणजे माती आंबट) दोन्ही वाढलेले असतात. त्यातली एक मूठ माती अख्ख्या मळ्याचा अहवाल फसवते. माझ्या पहिल्या नमुन्यात ती होती, हे मागाहून लक्षात आलं.

नमुना जिल्ह्याच्या ठिकाणच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत, कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात देता येतो. देताना दोन गोष्टी तोंडाने विचारा. एक, स्फुरद (फॉस्फरस) कोणत्या पद्धतीने काढणार? ओल्सेन पद्धत चुनखडीच्या आणि उदासीन जमिनींसाठी, आंबट जमिनीला ब्रे पद्धत लागते. दोन, चुन्याची गरज मोजून मिळेल का? नेहमीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, कर्ब, चार मुख्य व दुय्यम अन्नद्रव्यं आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा १२ गोष्टी असतात. चुन्याची गरज त्यांत नसते.

अहवाल वाचताना

सर्वसाधारण मोजमापात कर्ब ०.५ च्या खाली कमी आणि ०.७५ च्या वर जास्त मानतात. कर्बाला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थाची अंदाजे टक्केवारी येते. कित्येक ठिकाणी कर्बावरूनच नत्राचा (नायट्रोजनचा) अंदाज बांधतात. आपल्या जमिनीत त्यावर विसंबू नका, उपलब्ध नत्र वेगळं मोजलेलं असेल तर तोच आकडा धरा. मग सामू बघा. तो ५.५ च्या खाली असेल तर ॲल्युमिनियम मुळांना जाचायला लागतं आणि टाकलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं. अशा जमिनीत खताचा खर्च वाढवण्याआधी सामूकडे बघायचं.

किती लागतं, याचा हिशेब

वीतभर खोलीपर्यंत एका गुंठ्यात साधारण २० टन माती असते. तिचा कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर २० किलो कर्ब तिथे टिकला पाहिजे. चांगल्या कंपोस्टच्या सुक्या वजनात २० टक्के कर्ब धरला तर १०० किलो सुकं कंपोस्ट. पण घातलेल्यातला बराचसा कर्ब हवेत उडून जातो, आपल्या उष्ण-दमट हवेत तर झपाट्याने. पाचवा हिस्सा उरला तरी नशीब. म्हणजे गुंठ्याला ५०० किलो, तेही सुकं. एका वर्षात हे कोणाच्याच गोठ्यातून निघत नाही. मी गुंठ्याला १०० किलो हे दरवर्षीचं किमान धरलं आहे आणि अहवालातला आकडा हलेल अशी आशा सोडून दिली आहे. भात हललं की झालं.

दुसरा हिशेब नत्राचा. शेणखतात नत्र अर्धा टक्का, त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला मिळतं तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. १०० किलो शेणखतातून पाव किलोही हाती लागत नाही. सुधारित भाताला कोकणात हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश सांगतात, म्हणजे गुंठ्याला किलोभर नत्र. म्हणून ‘युरिया बंद, फक्त शेणखत’ असं मी कोणाला सांगत नाही. शेणखत कणगी बांधतं, दाणे थोडे वेगळे घालावे लागतात. पुढे उत्पन्न टिकवून युरिया कमी करता येतो, एकदम बंद करून नव्हे.

पातेरा, गोठा आणि ढीग

कच्चा माल विकत आणायची गरज नाही. जानेवारी ते मार्च आंबा, फणस, काजू, ऐन, किंजळ यांच्याखाली पातेऱ्याचा थर साठतो आणि तो जाळण्याची आपल्याला भारी हौस. आंब्या-काजूचं पान मात्र चिवट आणि मेणचट, नुसतं ढिगात घातलं तर वर्षभर जसंच्या तसं राहतं. यावर आमच्या काकीचा उपाय: पातेरा आधी गुरांच्या पायाखाली पसरायचा. ती हे ‘गुरांना थंड लागू नये’ म्हणून करायची. शास्त्राच्या दृष्टीने तिने लाखमोलाचं काम केलं. गुरांच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा निम्म्याच्या आसपास वाटा आणि पालाशाचा बहुतेक वाटा मुतात असतो, शेणात नव्हे. तो पातेऱ्यात मुरतो आणि खुरांनी पानंही तुटतात. दोन-तीन दिवसांनी तो थर उपसून ढिगावर.

ढिगाची जागा उंचवट्यावर, सावलीत. रुंदी सहा फूट, उंची साडेतीन-चार फूट, लांबी मालाप्रमाणे. खाली जाड फांद्या, म्हणजे हवा खेळते. त्यावर वीतभर गोठ्यातला पातेरा व पेंढा, मग चार बोटं हिरवा गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला, मग शेणकाला, आणि ओंजळभर जुनं खत विरजण म्हणून. पेंढ्यात नत्राच्या ६० ते ८० पट कर्ब असतो, गिरीपुष्पात १२ ते १५ पट. दोन्ही मिसळून २५-३० पटीवर आलं की कुजणं चांगलं चालतं. तराजू लागत नाही. तीन टोपल्या सुकं, एक टोपली हिरवं, वर शेणकाला. ढिगाला अमोनियाचा उग्र वास आला तर सुकं वाढवा, चार दिवसांत गरम झालाच नाही तर हिरवं किंवा शेण वाढवा.

रॉक फॉस्फेट मिळालं तर थराथरावर भुरभुरवा. ते आंबट मातीत हळूहळू विरघळतं. खतातून गेल्यामुळे लोखंडाच्या तावडीतून थोडं वाचतं, कारण कुजताना तयार होणारी आम्लं त्याच जागा आधी अडवतात.

चौथ्या दिवशी ढिगाच्या मधोमध पहार खुपसा. पाच मिनिटांनी ओढून टोक हातात धरा. धरवत नसेल तर आत ५५-६० अंश असावेत. तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू त्यात जातात. तीन आठवड्यांनी ढीग पलटा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. आणखी तीन आठवड्यांनी पुन्हा. ओल तपासायला मूठभर घेऊन पिळा: तळवा ओला व्हावा, धार लागू नये. मार्चच्या उन्हात मी आठवड्याला दोन वेळा पाणी मारतो. जानेवारीत रचलेला ढीग मे महिन्यात तयार होतो, काळा, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचा.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी लग्नसराईत अडकलो, ढीग मेमध्ये पसरायचा राहिला आणि वर झाप (विणलेल्या झावळ्या) घालायचंही राहिलं. जुलैत एक दिवस पाहिलं तर ढिगाखालून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी पऱ्याला (ओढ्याला) चाललेलं. नत्र आणि पालाश त्या पाण्यातून समुद्राकडे निघाले होते. गणपतीनंतर उपसलेलं खत दिसायला झकास काळं, पण पिकाला त्याचा गुण चहा गाळून उरलेल्या चोथ्याएवढाच. तेव्हापासून मृग नक्षत्राच्या आत ढीग संपवतो. काही उरलाच तर वर झाप आणि त्यावर ताडपत्री, भोवती चर. गायरीलाही चार वासे आणि छप्पर हवं, घराला पन्हाळी लावण्याआधी हवं असं मी म्हणेन.

विकतच्या ‘सेंद्रिय’ गोण्यांबद्दल एकच: गोणीवर कर्ब, ओलावा आणि कर्ब-नत्राचं प्रमाण छापलेलं नसेल तर घेऊ नका. एका विक्रेत्याने मला दिलेल्या वीस गोण्यांत बरीचशी माती आणि थोडा कोळसा निघाला.

चुना

सामू ५.५ च्या खाली असेल तरच, आणि अहवालातल्या गरजेएवढाच. सामू सहाच्या आसपास आला की पुरे. त्यापुढे रेटलं तर जस्त आणि बोरॉन पिकाला मिळेनासं होतं. डोलोमाइटची भुकटी मला बरी वाटते, तीत मॅग्नेशियमही असतं. शिंपल्यांचा भाजलेला चुना जलद काम करतो, पण तो हाताला-डोळ्यांना जाळतो आणि जास्त झाला तर मातीलाही. चुना आधी आणि शेणखत, युरिया किंवा ब्रिकेट (दाबून केलेली खताची गोळी) मागाहून, मध्ये किमान दोन-तीन आठवडे. दोन्ही एकत्र कालवले तर नत्राचा वायू होऊन उडून जातो. मी वळवाच्या सरीआधी चुना पसरतो, मृगाला खत.

मळा: राब, गिरीपुष्प, भात

राब भाजणं अडाणीपणाचं होतं असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. भाजावळीने तणाचं बी मरतं, राखेने आंबट मातीचा सामू चढतो, पालाश मिळतं. त्यामुळेच तरवा (भाताचं रोप) जोमदार यायचा. पण त्यासाठी कवळ (झाडांच्या हिरव्या फांद्या) तोडून ऐन-किंजळाचं खराट्यात रूपांतर करायचं आणि कर्ब, नत्र, गंधक धुरात घालवायचं, हा सौदा आता परवडत नाही. त्याऐवजी गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतो, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. तूस पूर्ण पांढरं होईपर्यंत जाळायचं नाही, काळं असतानाच विझवायचं. तिच्यातल्या सिलिकामुळे रोप ताठ होतं.

ही राख आणि पुढचा गिरीपुष्पाचा पाला, दोन्ही डॉ. नारायण सावंत यांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतले. गिरीपुष्प बांधावर लावा, फांदी खोचली की जगते, गुरं सहसा खात नाहीत. लावणीआधी आठ दिवस गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला चिखलात तुडवायचा. त्यातून दीड-दोनशे ग्रॅम नत्र येतं, म्हणजे गरजेचा पाचवा-सहावा हिस्सा. काड्या उचलून बांधावर टाका, पायात मोडतात.

आठ दिवस हे गणित मोडू नका. ताजा पाला चिखलात कुजताना मातीतला प्राणवायू खाऊन टाकतो, लगेच लावणी केली तर रोपाची मुळं काळी पडतात. खोलगट मळ्यात, जिथे डोंगरातून पाझर येतो, तिथे तर लोहही विरघळून वर येतं. पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसतो. त्याला काडीने डिवचा. तेल असेल तर पुन्हा मिळून येतं, लोहाचा तवंग काचेसारखा फुटून तुकडे वेगळे राहतात. माझ्या पिवळ्या भाताच्या खालच्या कोपऱ्यात हेच होतं. तिथे पाला कमी केला, चर काढून पाणी चार दिवस उतरवलं आणि पालाश थोडं वाढवून दिलं.

ताग-धैंचा चांगलेच, पण फुलोऱ्यापर्यंत त्यांना सहा-सात आठवडे लागतात. उन्हाळ्यात पाणी नसलेल्या मळ्यात ते बसत नाहीत. त्यापेक्षा भातकापणीच्या मागोमाग उरलेल्या ओलीवर वाल किंवा कुळीथ पेरा आणि काढताना उपटू नका, कापा. मुळं गाठींसह जमिनीत राहू देत.

युरिया फोकून दिला तर मुसळधार सरीत बांधावरून वाहून जातो. चारसूत्रीतली युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खुपसली की तिथेच राहते. काम कंटाळवाणं आहे, पण आमच्याकडे याच एका गोष्टीने सगळ्यात लवकर फरक दिसला.

कलमं आणि माड

कलमांना खत बुंध्याशी नको. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे फूटभर रुंद, वीतभर खोल चर काढून, पहिल्या पावसाने माती भिजल्यावर कंपोस्ट घाला, त्याच चरात शिफारशीची खतं, वरून माती. उतारावर चर अर्धाच काढतो, वरच्या अंगाला, आणि खालच्या अंगाला दगडांचा गडगा. नाहीतर घातलेलं खत शेजाऱ्याच्या कलमाला.

गवत मारायचं औषध मी बंद केलं. ऑक्टोबरात गवत कापून तिथेच पाडतो. कलमाखाली पातेऱ्याचं जाड आच्छादन मात्र मोहोर दिसल्यावर, कारण हापूसला मोहोराआधी जमिनीचा थोडा ताण लागतो. बुंध्यापासून हातभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी. बागेभोवती दहा फुटांचा पट्टा साफ ठेवा, फेब्रुवारीत एखादी विडी पुरते आणि वणवा आच्छादनासकट कलमंही घेऊन जातो.

माडांना सोडणं (नारळाची सुकी सालं) पुरा, खोलगट बाजू वर करून, म्हणजे पाणी धरतात. पालाशही मिळतं.

फरक पडतोय का, हे कसं बघायचं

दर तीन वर्षांनी अहवाल पुरे. मध्ये घरचे दोन प्रयोग. पावसात एक चौरस फूट जागा वीतभर खोल खणून काडू (गांडुळं) मोजा आणि वहीत लिहा. माझ्याकडे पहिल्या वर्षी दोन होते, गेल्या वर्षी अकरा.

दुसरा प्रयोग काचेच्या पेल्याचा. मळ्यातलं सुपारीएवढं सुकं ढेकूळ आणि गावच्या देवराईतलं तेवढंच, दोन पेल्यांत पाणी घेऊन अलगद सोडा. हात लावू नका. पहिल्या वर्षी माझ्या मळ्याचं ढेकूळ मिनिटभरात विरघळलं, पाणी गेरूसारखं लाल झालं. देवराईचं तासभर तसंच, पाणी नितळ. यंदा मे महिन्यात मळ्याचं ढेकूळ दहा मिनिटं टिकलं, मग एका कडेने ढासळलं.

पुढचा नमुना येत्या दिवाळीनंतर, त्याच जागांवरून. राबाचा तुकडा सोडून.